साहित्य घरी गेलं, पुढे काय झालं? ‘असर २०२०’ वाचताना

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक विषय हल्ली वारंवार दिसतो : ‘कोविड-१९ काळात प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांना घरपोच दिलेल्या शैक्षणिक साहित्याची परिणामकारकता – वाशिम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’. वाशिमच्या जागी कधी हिंगोली येतं, कधी बुलडाणा. बाकीचं वाक्य जसंच्या तसं. विषयात खोट नाही. लाखो मुलं दीड-पावणेदोन वर्षं घरी होती आणि शाळेतून जे काही घरी गेलं तेवढीच त्यांची शाळा होती. त्याचं पुढे काय झालं हे कुणीतरी नीट तपासायलाच हवं.

अडचण पुढच्या पानावर सुरू होते. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ या प्रकरणात ‘असर’च्या अहवालातले दोन-तीन आकडे येतात. त्यांच्यावरून साहित्य ‘पोहोचले’ किंवा ‘पोहोचले नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि लगेच परिकल्पना तयार होते. म्हणून आज तो अहवालच तुमच्यासमोर उघडून ठेवते. अहवाल चांगला आहे हे आधीच सांगून टाकते, कारण खाली बरीच टीका आहे आणि तुम्ही ‘असर वाईट’ एवढंच घेऊन गेलात तर माझा सगळा खटाटोप वाया जाईल.

पार्श्वभूमी थोडक्यात. मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीला २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीला २७ जानेवारी २०२१ पासून परवानगी मिळाली. पण महिनाभरात दुसरी लाट आली. वाशिमकरांना हे वेगळं सांगायला नको : फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून जास्त मुलं पॉझिटिव्ह निघाली आणि जिल्ह्याचं नाव देशभराच्या बातम्यांत आलं. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला राज्याने १ डिसेंबर २०२१ चा मुहूर्त काढला, जानेवारीत ते परत बंद झाले आणि २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा परवानगी मिळाली. हिशेब करून बघा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात बसलं तेव्हा ते दुसरीत होतं, आणि दुसरीचंही निम्मं वर्ष सरलेलं होतं. पहिलीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही.

मधल्या काळात घरी काय काय गेलं? बालभारतीची पुस्तकं गेली. एससीईआरटीची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून गेली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. नोव्हेंबरपासून ‘स्वाध्याय’ नावाने दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येऊ लागले. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ आला, तोही मुख्यतः पीडीएफ स्वरूपात. झेरॉक्सचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा होता. नागपूर आकाशवाणीवर ‘प्रथम’ संस्थेच्या साथीने ‘शाळेबाहेरची शाळा’ चालली. (हा कार्यक्रम नागपूर विभागासाठी सुरू झाला होता. वाशिम अमरावती विभागात येतं. ‘विदर्भात रेडिओवरून शिक्षण’ असं सरसकट लिहिण्याआधी एवढं बघून घ्या.)

आता ‘असर’. ग्रामीण भागातल्या घरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणितं करायला लावणारं ‘प्रथम’चं हे सर्वेक्षण २००५ पासून चालत आलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी फोन केले. ५२ हजारांहून जास्त घरं, ५ ते १६ वयाची ५९ हजारांहून जास्त मुलं, शिवाय सुमारे नऊ हजार सरकारी शाळांचे मुख्याध्यापक किंवा शिक्षक. त्या धामधुमीत, सहा महिन्यांच्या आत, एवढं काम उभं करणं ही सोपी गोष्ट नाही. त्यांनी प्रश्न पालकांना विचारला, हे त्याहून महत्त्वाचं. शिक्षण खातं तेव्हा किती लिंक पाठवल्या, किती ग्रुप तयार झाले, किती शिक्षक ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहेत हे मोजत होतं. ते वरून खाली मोजणं. ‘असर’ने दार वाजवून विचारलं, म्हणजे फोनवरून का होईना, की तुमच्याकडे आलं का. अशी खालून वर मोजणी त्या काळात फार थोड्यांनी केली.

आकडे असे : जवळपास ८० टक्के मुलांकडे त्या इयत्तेची पुस्तकं होती, आणि सरकारी शाळांतल्या मुलांचं प्रमाण खासगी शाळांतल्या मुलांपेक्षा जास्त होतं. शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता; २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ होता. फोन येण्याआधीच्या आठवड्यात शाळेकडून काही साहित्य किंवा कृती मिळाली असं सुमारे ३६ टक्के मुलांबद्दल सांगितलं गेलं, आणि त्यातल्या बहुतेकांना ते व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालं होतं. ज्यांना मिळालं नाही त्यांच्या पालकांपैकी दोन-तृतीयांशांहून थोड्या जास्त जणांचं उत्तर होतं : शाळेने पाठवलंच नाही. ‘आमच्याकडे स्मार्टफोन नाही’ हे कारण सुमारे चौथ्या हिश्श्यानेच दिलं.

हा शेवटचा आकडा मला सगळ्या अहवालात सर्वांत मोलाचा वाटतो आणि नेमका तोच सिनॉप्सिसमध्ये कधी दिसत नाही. सगळी चर्चा फोन आहे की नाही यावर अडकली होती, आणि पालक सांगत होते की पाठवणाऱ्यानेच पाठवलं नाही.

टीकेकडे वळते.

पहिली गोष्ट अगदी साधी. फोन कुणाला केला? २०१८ च्या सर्वेक्षणात ज्या घरांचे नंबर लिहून घेतले होते त्यांना. म्हणजे २०१८ मध्ये ज्यांच्याकडे फोन नव्हता ती घरं बाहेर. दोन वर्षांत ज्यांनी नंबर बदलला ती बाहेर. मानोरा-मंगरुळपीरकडच्या तांड्यांवरून जी कुटुंबं कामासाठी बाहेर जातात, सिम बदलतात, रिचार्ज संपला की महिनाभर बंद असतात, त्यांना फोन लागण्याची शक्यता कमी. आणि घरपोच साहित्य मुळात कुणासाठी होतं? याच मुलांसाठी! अहवालाने ही मर्यादा लपवलेली नाही, तो स्पष्ट सांगतो. पण मर्यादेचा परिच्छेद आपण वाचत नाही, तक्ता वाचतो. ६१.८ हा ‘ग्रामीण भारतातल्या घरांत स्मार्टफोन किती’ याचा आकडा नाही. ज्यांच्याकडे आधीपासून कुठला तरी फोन होता आणि ज्यांनी तो उचलला, त्यांच्यातला तो आकडा आहे.

दुसरी गोष्ट खास वाशिमसाठी. ‘असर’चं नेहमीचं सर्वेक्षण जिल्हानिहाय चित्र देतं. फोनवरचं सर्वेक्षण राज्याच्या पातळीवरच अंदाज देतं. म्हणजे २०२० च्या अहवालात वाशिम नाहीच. तरी ‘वाशिम जिल्ह्यातील स्थिती’ या मथळ्याखाली महाराष्ट्राचा आकडा चिकटवलेला मी वाचला आहे, आणि एका ठिकाणी तर देशाचा. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. राज्यातून असे चारच निवडले गेले : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली, उस्मानाबाद. राज्याच्या सरासरीपेक्षा हा जिल्हा वेगळा आहे म्हणून तो त्या यादीत आला. त्याच जिल्ह्याला राज्याची सरासरी लावायची, हे कसं चालेल?

तिसरी गोष्ट ‘गेल्या आठवड्यात’ या शब्दांची. सर्वेक्षणात असा ठरावीक आठवडा विचारणं योग्यच असतं, कारण सहा महिन्यांचं कुणाला आठवत नाही. पण आठवडा कोणता याने उत्तर बदलतं. सप्टेंबर संपता संपता आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी सुरू होते. त्या दिवसांत घरात मोठं माणूस दिवेलागणीपर्यंत नसतं, आणि दहा-बारा वर्षांचं पोरही धाकट्याला सांभाळत बसलेलं असतं किंवा वावरात असतं. ‘असर’चा पुढचा, २०२१ चा फोन सर्व्हे तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाला, म्हणजे भर सोंगणीत. विदर्भात सत्रही उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतं. देशपातळीवरच्या अहवालाने प्रत्येक तालुक्याचं पीक बघावं अशी अपेक्षा मी करत नाही. तुम्ही मात्र वाशिमवर लिहिताय. तुम्हाला बघावं लागेल.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

शाळेतून निघालेल्या एका कागदाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. तो शाळेतून निघाला. घरी आला. मुलाच्या हातात पडला, की वडिलांच्या फोनमध्येच राहिला? मुलाने तो उघडला का? अडलं तेव्हा विचारायला कुणी होतं का? केलेलं कुणी पाहिलं का? चुकलेलं दुरुस्त होऊन परत आलं का? खातं पहिली पायरी मोजतं. ‘असर’ने दुसरी मोजली, चौथीला हात लावला आणि पाचवीबद्दल एक प्रश्न विचारला. शिक्षक-पालक संपर्काबद्दलही विचारलं. त्यापुढे अहवाल उंबऱ्यापाशी थांबतो. ‘मिळालं का’ हा प्रश्न उंबऱ्याबाहेरचा आहे, आणि शिकणं घडलं असेल तर ते उंबऱ्याच्या आत.

पाचव्या पायरीवरचा आकडा बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. घरात कुणीतरी अभ्यासाला मदत करतं असं साधारण तीन-चतुर्थांश मुलांबद्दल सांगितलं गेलं. छान वाटतं ना? पण अहवालाने हेच आईवडिलांच्या शिक्षणानुसार फोडून दाखवलं आहे. ज्यांचे दोघेही पालक फार तर पाचवीपर्यंत शिकलेले, त्यांच्यात मदत मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण निम्म्याहून थोडंच वर. जास्त शिकलेल्या पालकांच्या घरी ते दहात जवळपास नऊ. आणि कमी शिकलेल्या घरांत मदतीचा भार मोठ्या भावंडांवर जास्त. म्हणजे तोच कागद, तीच तारीख, तोच शिक्षक; पण एका घरी तो आईच्या मांडीवर उघडतो आणि दुसऱ्या घरी सातवीतल्या बहिणीच्या, जिचा स्वतःचा अभ्यास बाजूला पडलेला आहे. ‘साहित्य मिळालं’ या एका रकान्यात दोन्ही घरं सारखी दिसतात. त्यात तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी आणि कागदावरची मराठी पुस्तकी, ही भर वेगळीच.

मदतीबद्दलच्या या प्रश्नावरही माझा आक्षेप आहे. ‘मुलाला अभ्यासात कुणी मदत करतं का?’ असं फोनवरून अनोळखी माणसाने विचारलं तर ‘नाही’ म्हणायला किती आया धजावतील? ‘नाही’ म्हणजे आपण लक्ष देत नाही अशी कबुली. अशा प्रश्नाला ‘हो’ जरा जास्तच मिळतं हे गृहीत धरून चालावं.

या ठिकाणी मला नेहमी अंगणवाडीचा घरपोच आहार आठवतो, ज्याला गावात सगळे टीएचआर म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना घरी न्यायला दिलं जाणारं पाकीट. पोषणावर काम करणाऱ्या संशोधकांना फार पूर्वी एक धडा मिळाला : पाकीट वाटलं म्हणजे बाळाच्या पोटात गेलं असं नाही. ते घरात सगळ्यांत वाटलं जातं. कधी चव आवडत नाही म्हणून पडून राहतं. जनावरांना घातलं जातं अशा बातम्या आपल्याकडेही येऊन गेल्या. म्हणून त्यांची प्रश्नावली पायऱ्या पाडत जाते : मिळालं का, दर महिन्याला मिळालं का, शिजवलं का, कुणी खाल्लं, बाळाने किती खाल्लं. प्रत्येक पायरीचा आकडा वेगळा आणि प्रत्येक पायरीवर गळती किती हेही दिसतं. शाळा बंद असताना शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्यंही अशीच घरी दिली गेली. एकाच शाळेतून धान्य आणि कागद दोन्ही घरी जात होते. धान्याबद्दल विचारायची पद्धत तयार होती. कागदाबद्दल ती कुणी उसनी घेतली नाही. तुमच्या विषयात नवं काय, असं गाईडने विचारलं तर हे एक उत्तर आहे. पोषणाच्या अभ्यासातली प्रश्नांची उतरंड शिक्षणात आणा.

आणखी एक बाब, जिच्यावर कितीतरी सिनॉप्सिस अडखळायला हवेत पण अडखळत नाहीत. ‘असर २०२०’ मध्ये मुलांचं वाचन तपासलेलंच नाही. फोनवरून ते नीट करता येत नव्हतं म्हणून केलं नाही, आणि ते योग्य केलं. म्हणजे परिणामकारकतेबद्दल हा अहवाल एक अक्षर बोलत नाही. तुमच्या शीर्षकात मात्र ‘परिणामकारकता’ आहे आणि आधाराला हा अहवाल! २०२२ मध्ये ‘असर’ पुन्हा घरोघरी गेलं तेव्हा तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचं देशातलं प्रमाण २७.३ वरून (२०१८) २०.५ वर आल्याचं दिसलं. ही घट खरी आहे, गंभीर आहे. पण ती साहित्य न मिळाल्यामुळे, की साहित्य मिळूनही, की साहित्यामुळे थोडी कमी झाली, यातलं काहीही या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.

आता शेजारी दुसरा अहवाल ठेवा. ज्याँ द्रेज, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत, महाराष्ट्रही त्यात होता, सुमारे १,४०० घरांत जाऊन पाहणी केली. तिथे ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली फक्त ८ टक्के. ३७ टक्के मुलं अजिबात अभ्यास करत नव्हती. एकीकडे ३६, दुसरीकडे ८. कोण खोटं? कुणीच नाही. ‘असर’ने ‘गेल्या आठवड्यात काही मिळालं का’ विचारलं, यांनी ‘नियमित शिकतो का’ विचारलं. ‘असर’कडे फोन असलेली घरं होती, यांनी मुद्दाम वंचित वस्त्या निवडल्या. मध्ये एक वर्ष गेलेलं. तोंडी परीक्षेत हे दोन आकडे समोर ठेवून ‘फरक का?’ असं विचारलं तर एवढं सांगता यायला हवं. आणि या दुसऱ्या अहवालाचा आकडाही ‘ग्रामीण भारत’ म्हणून वापरता येणार नाही, हेही त्याच श्वासात सांगा. तो वंचित वस्त्यांचा आकडा आहे.

अझीम प्रेमजी विद्यापीठाचा ‘९२ टक्के मुलांची भाषेतली किमान एक क्षमता गेली’ हा २०२१ चा आकडाही फार फिरतो. तो पाच राज्यांतला आहे आणि महाराष्ट्र त्या पाचांत नाही. शिवाय शाळा बंद होतानाची मुलाची पातळी तिथे शिक्षकांच्या स्वतःच्या मूल्यमापनावरून धरली होती. शिक्षक मुलाला ओळखतो हे खरं. तरी आठवणीवर उभ्या केलेल्या पायाचा आधार घेताना तसं सांगून घ्यावं.

मग उंबऱ्याच्या आत जाऊन कुणी बघितलंच नाही का? बघितलं. बोट्स्वाना या देशात, शाळा बंद असतानाच, नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजार घरांची चिठ्ठ्या टाकून तीन गटांत विभागणी केली. एका गटाला दर आठवड्याला गणिताचे एसएमएस. दुसऱ्याला एसएमएस आणि वर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन, पालक आणि मूल दोघांशी. तिसऱ्याला काही नाही. नुसत्या एसएमएसचा ठळक परिणाम दिसला नाही. फोनच्या गटात ०.१२ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. (गुण किती पसरलेले आहेत त्याच्या मापात ही वाढ मोजतात. ०.१२ म्हणजे अगदी मधोमध असलेलं मूल शंभरात साधारण पाच जागा वर सरकलं असं समजा.) पुढे हाच प्रयोग पाच देशांत झाला, त्यात भारतही होता, आणि तिथे फोनचा परिणाम ०.३० ते ०.३५ एवढा मोठा निघाला.

यावरून ‘कागद निरुपयोगी’ असं लिहू नका, हात जोडून विनंती. बोट्स्वानात कागद दिला नव्हता, एसएमएस दिला होता. दिसतं ते एवढंच की साहित्य आणि माणूस यांना वेगळं करून मोजलं तेव्हा फरक माणसाने पडला. आपल्याकडे हे दोन्ही नेहमी एका गठ्ठ्यात असतात. जो शिक्षक ओट्यावर बसून कागद देताना दहा मिनिटं मुलाशी बोलला आणि जो सरपंचाच्या घरी गठ्ठा ठेवून गेला, दोघांच्याही नोंदीत लिहिलेलं असतं ‘साहित्य वाटप : पूर्ण’.

तमिळनाडूचं उदाहरणही हाताशी ठेवा. तिथे अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी डिसेंबर २०२१ मध्ये मुलं तपासली तेव्हा २०१९ च्या तुलनेत गणितात सुमारे ०.७ प्रमाण विचलनाची घट होती. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत त्यातली दोन-तृतीयांश भरून निघाली, आणि त्या भरपाईचा सुमारे चौथा हिस्सा त्यांनी ‘इल्लम तेडी कल्वी’ या सरकारी योजनेच्या खात्यात टाकला. नावाचा अर्थच ‘घर शोधत आलेलं शिक्षण’. गावातलेच स्वयंसेवक संध्याकाळी तास-दीड तास मुलांना शिकवायचे. इथे घरी कागद गेला नाही, दाराशी माणूस आला. पद्धत शिकणाऱ्यांसाठी यातली खरी गोष्ट वेगळीच आहे : हे मोजता आलं कारण त्या भागातलं २०१९ चं मोजमाप त्यांच्या हाती होतं. महामारी आल्यावर पाया खणता येत नाही.

आपल्या राज्यातही उंबऱ्याचा प्रश्न बाजूने सोडवणारे होते. मोखाड्याकडे ‘बोलकी शाळा’ लाउडस्पीकरवरून पाड्यापाड्यांत वाजली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. भिंतीला ना रिचार्ज लागतो, ना ती वडिलांसोबत कामावर जाते. यांच्यावर बातम्या भरपूर झाल्या. मुलं त्या भिंतीसमोर किती वेळ थांबली हे मोजायचं मात्र राहून गेलं.

आणि मग आपले विभागीय परिषदांमधले शोधनिबंध. स्पष्टच बोलते. कोविडकाळातल्या साहित्याच्या उपलब्धतेवर गुगल फॉर्मने केलेला अभ्यास, नमुना शंभर पालक, निष्कर्ष ‘८५ टक्के पालकांकडे स्मार्टफोन आहे’ या छापाचा. अरे, फॉर्म भरला कशावर! शंभरातले पंधरा शेजाऱ्याच्या फोनवरून भरत होते का? असा निबंध वाचला की त्यातले आकडे बाजूला ठेवा आणि फक्त ‘नमुना कसा निवडला’ हा परिच्छेद वाचा. सहसा तो दोन ओळींचा असतो.

तरीही तुम्हाला वाशिमवरच काम करायचं असेल तर करा, मला त्याचा आनंदच होईल. पण ‘परिणामकारकता’ हा शब्द शीर्षकातून काढा. चाचणी नाही, तुलनेचा गट नाही, आधीचं मोजमाप नाही, तर तो शब्द तुम्हाला आरआरसीसमोर उभा आडवा करेल. ‘वापर’ म्हणा. घरात साहित्याचा वापर कसा झाला, हा प्रश्न छोटा दिसतो पण त्याचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

पुरावा कुठे मिळेल? शाळेतली वाटपाची सह्यांची नोंदवही ही पहिल्या पायरीचा पुरावा आहे, त्यापुढे नाही. पण कोणत्या तारखांना काहीच वाटलं गेलं नाही हे तीच सांगते. वर्गाचे जुने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून कितीतरी फोनमध्ये पडून आहेत. पाठवलेलं किती, परत आलेलं किती, कोणत्या वेळी आलं, कुणाकडून कधीच आलं नाही, हे त्यात दिसतं. मात्र तो ग्रुप म्हणजे चाळीस कुटुंबांचे नंबर आणि फोटो. शिक्षकाने ‘घ्या’ म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही; ती कुटुंबांकडून घ्यावी लागते आणि नावं-नंबर काढूनच काम करावं लागतं. आणि घरात राहिलेल्या वह्या. पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, काही रद्दीत गेलेल्या. अर्धवट सोडवलेला कागद हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार, कारण कुठे सोडून दिलं ते त्याच्यावर दिसतं. पण जपलेल्या वह्या जपणाऱ्या घरांच्याच असणार, हेही लिहून ठेवा.

मुलाखती घ्याल तेव्हा मुलालाही विचारा. तेव्हा पहिलीत असलेलं मूल २०२५-२६ मध्ये सहावीत असेल, त्याला बोलता येतं. मोठ्या बहिणीला तर नक्कीच विचारा. आईला ‘तुम्ही अभ्यास घ्यायचात का?’ असं विचारू नका. ‘शाळेतून कागद यायचे ते घरात कुठं ठेवत होते तुम्ही?’ असं विचारा. कपाटात, देव्हाऱ्यापाशी, चुलीजवळ, की ‘आमच्याकडे नाही आले, पोरगा मामाकडे होता’, जे उत्तर येईल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि पुढचा प्रश्न तिथून विचारा.